मागची सीट

दार लागलं तो आवाज वेगळा आला. रक्षिता पुढच्या सीटवर बसली होती, पर्स मांडीवर होती, हात बेल्टकडं गेला होता, आणि तो तिथंच थांबला. इतकी वर्षं ती या गाडीचं दार ओढून लावत आली होती. कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार लावावं तसा मऊ आवाज यायचा. आज रिकाम्या पत्र्याच्या पेटीचं झाकण पडल्यासारखा आला, आणि मागं कुठंतरी थोडा वेळ रेंगाळला. राजारामपुरीत शनिवारच्या संध्याकाळचा कालवा होता. क्लास सुटले होते, रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, केएमटीची बस चौकात अडकून हॉर्न देत होती. एवढ्या गोंगाटात एका दाराचा आवाज कुणाच्या ध्यानात आला नसता. पण रक्षिताचं सगळं आयुष्यच कानाशी बांधलेलं होतं. समोरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, तिचं ऐकू येण्याच्या तपासणीचं क्लिनिक होतं. दिवसभर काचेच्या खोलीत बसवलेल्या माणसांना ती बारीक बारीक आवाज ऐकवायची आणि ते कुठं हरवतात ते बघायची.

"काय झालं?" स्टिअरिंगवर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, अमरेशनं विचारलं.

ती मागं वळली. मागची सीट नव्हती. नुसती सीट नव्हे, तिच्याखालचा गालिचाही नव्हता, आणि दोन्ही बाजूंचं अस्तरही काढलं होतं. गाडीच्याच राखाडी रंगाचा उघडा पत्रा, त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीनं दाबून बसवलेल्या वायरी, आणि डिकीपर्यंत सलग, मोकळी जागा. लग्नाच्या कार्यालयातून पाहुणे गेल्यावर दिसते तसली.

"सकाळी सयाजीच्या गॅरेजात नेलती," अमरेश म्हणाला. केस कापून आलेला माणूस बोलतो तसा, थोडा अवघडून, थोडा खुशीत. "उद्या माळावर शर्यतीत पळवायची हाय न्हवं. वजन कमी झालं की वळणात गाडी हलकी पडती. परत बसवता येती की. बोल्ट तर हायत चार."

"बरं," ती म्हणाली आणि बेल्ट लावला.

गाडी निघाली आणि आतून घुमायला लागली. पूर्वी रस्ता बाहेर असायचा, आता तो आत आला होता. चाकाखालचा खडा पत्र्यावर टण्णकन वाजत होता. टाकीतलं पेट्रोल हिंदकळल्याचंसुद्धा तिला ऐकू येत होतं. अमरेश काहीतरी सांगत होता, नव्या ब्रेक पॅडचं, उद्या कोण कोण येणार त्याचं, आणि ती मान हलवत होती. तिच्या मनात मात्र दोन लोखंडी कड्या होत्या. मघाशी वळून बघितलं तेव्हा त्या दिसल्या होत्या. सीट गेली तरी त्या राहिल्या होत्या, कारण त्या सीटच्या नव्हत्याच, गाडीच्या अंगालाच जोडलेल्या होत्या. एरवी त्या दिसत नसत. सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या मधल्या फटीत बोटं घातली तरच लागायच्या, गार. शोरूममधल्या मुलीनं त्या दाखवल्या होत्या. "मॅडम, बेबी सीट इथं लॉक होते," असं म्हणून तिनं रक्षिताचाच हात धरून त्या फटीत घातला होता, आणि अमरेश उगाचच टायरकडं बघत बसला होता. ही गाडी घ्यायची ठरली ती त्याच दिवशी. खरं तर ही काही पळवायची गाडी नव्हे. उंच, रुंद, खड्ड्यातून न आपटता जाणारी, म्हाताऱ्या गुडघ्यांना चढाय-उतरायला सोपी अशी घरातली गाडी. जाहिरातीच्या कागदावर तळ्याकाठी ती उभी होती, आणि आई, बाप, दोन पोरं, एक कुत्रं. अमरेशचे वडील चनबसाप्पा तेव्हा होते. शाहूपुरीतलं पंप आणि पाईपचं दुकान तेच बघायचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जागा भरपूर हाय. भरा आता."

भरायला दोघांनी काही कमी केलं नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यातून परत येताना रक्षिता त्याच सीटवर आडवी व्हायची, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं सासूच्या मांडीवर. तिची सासू शिवम्मा, जिला सगळं घर अव्वा म्हणायचं, तिच्या केसांतून हात फिरवत बसायची. आणि अमरेश गाडी चालवायचा ती बैलगाडी चालवावी तशी. मागून ट्रक हॉर्न मारायचे, टेम्पोवाले शिव्या घालून पुढं जायचे, पण हा बाबा डावी पट्टी सोडायचा नाही. प्रत्येक खड्डा त्याला पाठ झाला होता. साताऱ्याच्या अलीकडं एक पुलाचा सांधा होता, तिथं तो गाडी जवळजवळ थांबवायचा, मग आधी पुढची चाकं हलकेच उतरवायचा, मग मागची. तिच्या आत काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते हिंदकळता कामा नये, म्हणून. तीनदा असं झालं. तिन्ही वेळा ते राहिलं नाही. शेवटच्या खेपेला परत येताना ती रडत होती, पण आवाज न करता, आणि तो सांधा आला तेव्हा त्यानं सवयीनं गाडी हळू केली. आता हळू करायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी केली. त्या वेळी तिला त्याच्याबद्दल जेवढं वाटलं, तेवढं लग्नानंतर कधीच वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी दत्तकासाठी नाव घातलं. एक बाई घर बघायला आल्या, सम्राटनगरातला फ्लॅट बघितला, अव्वानं केलेलं उप्पीट खाल्लं, चांगलं बोलून गेल्या. मग वाट बघणं सुरू झालं. सुरुवातीला फोन वाजला की दोघंही एकदम बघायची. पुढं चनबसाप्पा आजारी पडले, दवाखाना, मग त्यांचं जाणं, दुकान एकट्या अमरेशवर आलं, आणि मध्येच केव्हातरी ते नाव पुन्हा चालू ठेवायची मुदत येऊन गेली. रक्षिताच्या ते ध्यानात होतं. त्यानं विषय काढावा म्हणून ती थांबली. त्यानं काढला नाही. एक आठवडा गेला, मग एक महिना, मग तो विषय त्यांच्या घरात एखाद्या न वापरल्या जाणाऱ्या खोलीसारखा झाला, ज्याच्या दारावरून दोघं रोज जातात.

आणि गाडीचं सुरू झालं. आधी सायलेन्सर बदलला. मग हवेचा फिल्टर. मग उद्यमनगरातल्या सयाजीच्या गॅरेजात अमरेशचे रविवार जायला लागले. एकदा ती डबा घेऊन गेली होती. सयाजीनं स्टिअरिंगच्या खाली वायर जोडून मांडीवर लॅपटॉप घेतला होता, पडद्यावर आकड्यांचं शेत पसरलं होतं. "कंपनी काय करती वहिनी," तो म्हणाला, "इंजिनात दम घालती आणि वरनं त्याचं तोंड दाबून ठेवती. किती पेट्रोल घ्याचं, किती वारा घ्याचा, सगळं बांधलेलं. आम्ही ते सोडतो. गाडी तीच की, फकस्त मोकळी." गाडी खरंच मोकळी झाली. रेसवर जरा पाय ठेवला की उसळायची. स्प्रिंगा बदलल्यावर ती जमिनीकडं चार बोटं झुकली. अव्वा म्हणाली, गाडीला काय पोटात दुखतंय काय. चाळिशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या, दिवसभर दुकानात बसणाऱ्या नवऱ्याला एक नाद लागला तर लागू दे, असं रक्षितानं मनाला सांगितलं. पण रात्री जेवताना तो इंजिनाच्या टर्बोबद्दल बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत जे यायचं, ते बघून ती खाली ताटात बघायला लागायची. हे तिनं त्याच्या डोळ्यांत एकदाच बघितलं होतं, शोरूममध्ये. याचं भागलं, असं तिला वाटायचं. त्यानं आपली तहान दुसऱ्या विहिरीवर नेली. आपण मात्र त्याच फटीत बोटं घालून बसलोय.

कारण ती खरंच बसायची. भाजी आणायला गेली, की पिशव्या मागं ठेवताना हात आपसूक त्या फटीत जायचा. कुणी बघत नसायचं. त्या कड्या तिथंच असायच्या. काचेच्या खोलीत तिच्याकडं काही माणसं अशी यायची, की आवाज दिलेला नसतानाही बोट वर करायची. ती फसवत नसत. ऐकू यावं असं त्यांना इतकं वाटत असायचं, की शांततेतच त्यांना काहीतरी वाजल्यासारखं व्हायचं. शिकत असताना तिला अशा माणसांचा राग यायचा, तपासणी चुकते म्हणून. आता येत नसे. ती थोडा वेळ थांबायची आणि मग खरा आवाज द्यायची.

रविवारी सकाळी निघायच्या वेळेला अव्वा नेसून, कपाळावर विभूती लावून, हातात पिशवी घेऊन तयार होती. कळंब्याला तिची धाकटी बहीण राहायची, आणि माळ कळंब्याच्या पुढंच होता, गारगोटीच्या रस्त्याला. जाता जाता सोडायचं असं ठरलेलं होतं. अमरेशनं ठरवलेलं, आणि सीट काढताना विसरलेलं. अव्वानं मागचं दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"मी कुठं बसायची रं?"

"तुम्ही पुढं बसा अव्वा," रक्षिता म्हणाली. "मी बसते मागं."

"रिक्षा बोलावतो," अमरेश म्हणाला.

"कशाला? एवढंसं तर जायचंय."

तिनं घरातून एक जुनी वाकळ आणली, चौघडी करून पत्र्यावर टाकली, आणि आत जाऊन बसली. मांडी घालून, पाठ बाजूच्या उघड्या पत्र्याला टेकून. अमरेशला ते आवडलं नव्हतं, पण त्याला उशीर झाला होता. गाडी निघाली.

इतक्या खालून तिनं ही गाडी कधी बघितली नव्हती. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. फक्त वरचं वरचं जग सरकत होतं, विजेच्या तारा, तिसऱ्या मजल्यांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेल्या साड्या, गुलमोहराचे शेंडे आणि पुष्कळ आभाळ. पुढं दोन डोकी. एक पांढरं, पदर घेतलेलं. एक टक्कल पडायला लागलेलं. टक्कल कुठून सुरू झालंय हे तिला पहिल्यांदाच नीट दिसलं. लहान पोराला गाडी अशी दिसत असणार, ती मनात म्हणाली. आपली माणसं म्हणजे दोन डोक्यांच्या पाठी आणि बाकी सगळं आभाळ. तिला ते सोसवेना. तिनं डोळे मिटले. मग नुसता आवाज उरला, चाकांचा, सायलेन्सरचा, पत्र्याचा, आणि त्याच्या वर अव्वाचं बोलणं.

अव्वाला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि पुढं बसलं की तोच कान अमरेशकडं. घरात सून कानाची डॉक्टर, पण मशीन लावायला अव्वा काही तयार नव्हती. त्यामुळं अमरेशला मोठ्यानं बोलावं लागत होतं. एवढ्या घुमणाऱ्या गाडीत मागं काही पोचत नसेल असं त्याला वाटलं असावं.

"सीट का काढलास?" अव्वानं विचारलं.

"वजन कमी कराय."

"वजन म्हणं. गाडी माझ्याच डोळ्यापुढं आली न्हवं घरात. खरं सांग."

अमरेशनं गिअर बदलला. कळंब्याच्या तळ्याकडं जाणारं वळण त्यानं घेतलं.

"आरशात दिसती, अव्वा," तो म्हणाला.

"काय?"

"आरशात. गाडी चालवायची म्हणजे मागचं बघाय आरशात बघाय लागतंय. बघितलं की ती सीट. रोज. रिकामी. दुकानात जाताना, येताना." तो थांबला. "किती वर्सं बघायची?"

अव्वानं मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "तिला बोललास?"

"तिनं सोडलंय त्ये. मुदत गेली तवा एक शब्द बोलली न्हाय. आता कुठं तिचं क्लिनिकात मन लागलंय. परत उकरून कशाला दाखवू?"

रक्षितानं डोळे उघडले नाहीत. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तिनं वाकळीचं टोक मुठीत धरलं. पाठीला पत्रा थरथरत होता आणि ती थरथर मणक्यातून दातांपर्यंत येत होती. ज्या नादाचा तिनं इतके रविवार हेवा केला, ज्याच्यावर मनातल्या मनात रुसली, तो नाद नव्हताच. तो माणूस पळत होता. प्रत्येक वेळी गाडी आणखी जोरात, आणि मागची सीट प्रत्येक वेळी तेवढीच जवळ. एका गाडीत, हातभर अंतरावर, दोघांनी एकच गोष्ट इतकी वर्षं बघितली होती. तिनं बोटांनी आणि त्यानं आरशात.

अव्वाला बहिणीच्या दारात सोडलं. रक्षिता पुढं येऊन बसली. अमरेशनं तिच्याकडं बघितलं आणि गाडी माळाच्या रस्त्याला लावली.

माळावर सात-आठ गाड्या आधीच आल्या होत्या, बहुतेक छोट्या, पोरांच्या. नारिंगी शंकू मांडून वळणांची वाट केली होती. एकेकानं जायचं, वेळ मोजायचा, इतकाच खेळ. सयाजी टायरमधली हवा बघत होता. "सरावाच्या फेरीला शेजारी माणूस चालतंय," तो म्हणाला. "येताय काय वहिनी?" त्यानं सहज विचारलं होतं. अमरेश नको म्हणायच्या आत तिनं हेल्मेट घेतलं.

झेंडा पडला आणि गाडीनं तिला सीटमध्ये ढकललं. मग डावीकडं फेकलं, मग उजवीकडं. धूळ, शंकू, इंजिनाचं चढत जाणारं किंचाळणं, अमरेशचे हात एकदा इकडं, एकदा तिकडं. हे हात तिनं स्टिअरिंगवर कधी असे बघितले नव्हते. तिला आठवत होते ते पुलाच्या सांध्यावर थबकणारे. आज ते तिला जपत नव्हते. एका वळणावर मागच्या चाकांची पकड सुटली, गाडी आडवी सरकत गेली, तिचं डोकं खिडकीवर आपटलं, आणि तिला एकदम कळलं, की आपण इतकी वर्षं काहीतरी सांडेल म्हणून अंग चोरून बसलोय. तिनं पाय सैल सोडले. हेल्मेटच्या आत तिचाच श्वास तिला मोठ्यानं ऐकू येत होता.

शेवटच्या शंकूपाशी गाडी थांबली. धूळ पुढं निघून गेली. अमरेशनं इंजिन बंद केलं नाही.

"टर्बो तापलाय," तो म्हणाला. "लगेच बंद करायचं न्हाय. जरा बसाय लागतंय."

ती दोघं बसली. गाडी जागच्या जागी धुमसत होती.

"मी सोडलं नाही," रक्षिता म्हणाली.

"काय सोडलं न्हाईस?"

"पोर."

त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. मग त्यानं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं, आणि त्याच्याकडंच बघत राहिला.

"मघाशी ऐकलंस."

"सगळं."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्यानं मान हलवली. "मला वाटलं तुझ्या जखमेवर कशाला हात लावा," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं, तुमचं मन गाडीनं भरलं."

"गाडीनं कुठलं मन भरतंय," अमरेश म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. त्यानं तोंड खिडकीकडं केलं. माळावर दुसरी गाडी सुटली. तिचा आवाज जवळ आला, लांब गेला. मग तो म्हणाला, "परत नाव घालायचं म्हणजे पहिल्यापास्नं. आणि वयं बघत्यात दोघांची. आता तान्हं देणार न्हाईत आपल्याला. मी बघितलंय त्ये. सहा-सात वर्सांचं देतील."

म्हणजे त्यानं बघितलं होतं. कधीतरी, दुकानात एकटा बसून.

"एवढं मोठं चालंल तुला?"

तिच्या मनात जे होतं ते आजवर तान्हंच होतं, चेहरा नसलेलं, दुपट्यातलं एक वजन. ते तिथून हळूहळू उतरायला लागलं. उतरताना दुखलं. आणि मग त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. सहा-सात वर्षांचं पोर म्हणजे ते जन्मून गेलेलं आहे. ती पुण्याहून परत येत आडवी पडून रडत होती तेव्हा ते कुठंतरी होतं, कुणाच्या तरी हातात, किंवा कुणाच्याच नाही. ते चालायला शिकलं, बोलायला शिकलं, कुठली बोली बोलतं कुणास ठाऊक. इतकी वर्षं ती त्याच्या येण्याची वाट बघत होती, आणि ते केव्हाच येऊन वाट बघत होतं.

"ते आत्ता कुठंतरी असंल," ती म्हणाली.

"व्हय," अमरेश म्हणाला. त्यानं मनगटानं डोळे पुसले, घड्याळ बघितलं. "न्याहारी करत असंल."

मग त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

खऱ्या फेरीत त्याचा नंबर कुठंतरी मधेच लागला. एका पोराची जुनी छोटी गाडी सगळ्यांत पुढं आली, आणि सयाजी हळहळला, दुसऱ्या वळणाला ब्रेक उशिरा मारायला पाहिजे होता म्हणाला. अमरेश नुसता हो हो म्हणत होता. दुपारी ती दोघं कळंब्याला गेली. अव्वा बहिणीच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. अमरेश तिच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाशी उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं. नाव परत घालतोय. बाळ न्हाय मिळणार, मोठं पोर मिळंल, सहा-सात वर्सांचं. किती दिस लागतील सांगता यायचं न्हाय. रक्षिता उंबऱ्यात उभी होती. अव्वा नाही म्हणेल, कुठलं कुणाचं म्हणेल, एवढं मोठं आपल्यात कसं रुळायचं म्हणेल, असं तिला वाटत होतं, आणि तिनं उत्तरं तयार ठेवली होती.

अव्वानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला सारली.

"सहा वर्सांचं म्हणजे," ती म्हणाली, "पुढचं दात पडलं असत्याल त्याचं. भाकरी चावायची न्हाय. दुधात कुस्करून द्याय लागंल."

रक्षिताची जीभ तिच्याही नकळत तिच्या स्वतःच्या पुढच्या दातांमागं जाऊन टेकली, आणि तिथंच राहिली.